द मायक्रोफोन्स: 'द ग्लो, पार्ट २'मध्ये आवाज खरंच फाटतो का? ऐकण्याचा क्रम, प्रती आणि ध्वनिमुद्रणाबद्दल

कोरी_कॅसेट

'द मायक्रोफोन्स' या अमेरिकी बँडचा 'द ग्लो, पार्ट २' हा २००१ चा अल्बम ऐकायला घेतला आहे. पहिलं गाणं इतकं दबकं आहे की आवाज वाढवावा लागतो. मग दुसरं सुरू होतं आणि गिटारी अंगावर कोसळतात, छोटा ब्लूटूथ स्पीकर चक्क भरभरतो. तारेच्या इअरफोनवर भरभर कमी होते, पण आवाज फाटलेलाच राहतो. फाईल खराब आहे, स्पीकर खराब आहे, की मूळ मुद्रणच असं आहे, हे कसं ओळखायचं? स्पॉटिफायवर प्लेलिस्टमध्ये टाकल्यावर तीच गाणी वेगळीच वाटतात, तेही समजत नाही.

दुसरा प्रश्न नावांचा. 'माउंट ईरी' नावाचा अल्बम आहे आणि त्याच नावाचा बँडही दिसतो. सगळं मिळून कुठून सुरू करावं? जुन्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर या धाटणीचं काही करून पाहायचं असेल तर काय सांभाळावं, हेही जाणकारांनी सांगावं.

खर्जातला_भोंगा

फाईल ठीक आहे. मुद्रणातच फाटणं आहे आणि त्यावर तुमचा स्पीकर स्वतःचं फाटणं चढवतो आहे. दोन्ही वेगळे काढायची सोपी चाचणी अशी: दुसऱ्या गाण्याची पहिली वीस सेकंदं आधी नेहमीच्या आवाजात ऐका, मग तोच तुकडा एक तृतीयांश आवाजात. आवाज उतरवल्यावरही गिटारींचा पोत तसाच खरबरीत राहिला तर तो टेपवरचा आहे. भरभर नाहीशी झाली तर ती स्पीकरची होती. आणखी एक खूण म्हणजे मुद्रणातलं फाटणं ठरावीक वाद्यांपुरतंच असतं. बाकीची वाद्यं आपापल्या जागी स्वच्छ ऐकू येतात. स्पीकर फाटतो तेव्हा एकूण एक गोष्ट, अगदी गाणाऱ्याचा श्वाससुद्धा, खर्जाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर थरथरते.

असं मुद्दाम का केलं असेल? 'द मायक्रोफोन्स'मागचा माणूस फिल एल्व्हरम. त्याने हा अल्बम मे २००० ते मार्च २००१ या काळात ऑलिंपिया, वॉशिंग्टन इथल्या डब नार्कॉटिक स्टुडिओत टेपवर केला. 'के रेकॉर्ड्स' या लेबलचे संस्थापक कॅल्व्हिन जॉन्सन यांचाच तो स्टुडिओ. टेपवर आवाज जास्त जोराने लिहिला की चुंबकीय थर भरून जातो, लाटेचे माथे हळूहळू गोल होतात आणि त्यातून नवे उपस्वर तयार होतात. म्हणून तो आवाज जाड लागतो. डिजिटलमध्ये मर्यादा ओलांडली की माथे कापल्यासारखे सपाट होतात आणि कानाला टोचतात. या अल्बममधलं फाटणं पहिल्या जातीचं आहे. ते चुकून राहिलेलं नाही, ते वाद्यमेळाचाच भाग आहे.

आता ऐकण्याची मांडणी. आवाजाची पातळी पहिल्या गाण्यावर कधीही लावू नका. आधी दुसरं गाणं लावा, त्यातला सर्वांत मोठा भाग सहन होईल इतकाच आवाज ठेवा, मग पहिल्या गाण्यावर परत या आणि ६६ मिनिटं बटणाला हात लावू नका. खोलीत ऐकत असाल तर फोनवरच्या ध्वनिमापक ॲपमध्ये बसल्या जागी सर्वांत मोठा भाग ८० ते ८५ डेसिबलच्या आत असावा. रात्री उशिरा, पंखा बंद करून ऐकलंत तर पहिलं गाणं दबकं वाटणारच नाही. आपल्याकडे पंख्याची घरघर हाच या अल्बमचा पहिला शत्रू.

स्पॉटिफायमध्ये सेटिंग्जमधला प्लेबॅक भाग उघडा. आवाज समान करणारा पर्याय, म्हणजे व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन, बंद करा. क्रॉसफेड (गाणी एकमेकांत मिसळणं) शून्यावर, ऑटोमिक्स बंद, गॅपलेस (मध्ये खंड न पाडणं) चालू. नॉर्मलायझेशन बंद करायचं कारण असं की अल्बम क्रमाने लावला तर हे ॲप संपूर्ण अल्बमला एकच माप लावतं, पण प्लेलिस्टमध्ये किंवा शफलवर प्रत्येक गाण्याला वेगळं. मग दबकं गाणं वर उचललं जातं, मोठं खाली दाबलं जातं आणि एल्व्हरमने बांधलेला चढउतार सपाट होतो. प्लेलिस्टमध्ये तुम्हाला 'वेगळंच' वाटलं ते यामुळे.

ब्लूटूथ स्पीकरचं म्हणाल तर तो इथे सर्वांत कुचकामी. एकाच डब्यात डावा-उजवा मिसळले जातात, आणि या माणसाच्या गिटारी डाव्या-उजव्या बाजूंमध्येच जगतात. शिवाय दोन इंची पडद्याला खोल खर्ज पेलवत नाही. 'माय वॉर्म ब्लड' हे शेवटचं गाणं साडेनऊ मिनिटांच्या आसपास आहे. त्याच्या शेवटाकडे फक्त हृदयासारखे ठोके आणि दूरवरचा जहाजाचा भोंगा उरतो. छोट्या स्पीकरवर तिथे नुसती शांतता ऐकू येते आणि लोक गाणं संपलं समजून बंद करतात. तारेचे इअरफोनच वापरा. डावा-उजवा नीट घाला, आणि फोनच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'मोनो ऑडिओ' चुकून चालू नाही ना, तेही बघा.

अनुक्रमणी

क्रमाबद्दल लिहिते. नावांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो.

अॅनाकॉर्टेस हे वॉशिंग्टन राज्यातल्या फिडाल्गो बेटावरचं बंदराचं गाव. एल्व्हरम तिथला. त्या बेटावर माउंट ईरी नावाचा खराखुरा डोंगर आहे; एल्व्हरमने घेतलेल्या 'माउंट ईरी' या नावात इंग्रजीत एक अक्षर जास्त आहे. १९९० च्या दशकातल्या कॅसेटींपासून २००३ पर्यंत त्याने 'द मायक्रोफोन्स' या नावाने काम केलं. त्या नावाचा शेवटचा मोठा अल्बम जानेवारी २००३ मधला 'माउंट ईरी', आणि पुढे तेच त्याने बँडचं नाव केलं. 'मायक्रोफोन्स इन २०२०' साठी तो जुन्या नावाकडे परतला. म्हणजे माणूस एकच, पाट्या दोन.

अनेक जण 'द ग्लो, पार्ट २'ने सुरुवात करतात, त्यात चूक काही नाही. २००१ मध्ये पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं होतं. पण शीर्षकातला 'पार्ट २' शोभेचा नाही. मूळ 'द ग्लो' हे सुमारे अकरा मिनिटांचं गाणं आदल्या वर्षीच्या 'इट वॉज हॉट, वी स्टेड इन द वॉटर'मध्ये आहे. 'द ग्लीम'ही तिथलंच, त्याचा दुसरा भाग पुढच्या अल्बममध्ये. त्याही आधीच्या, १९९९ च्या 'डोन्ट वेक मी अप'मध्ये 'यू वेअर इन द एअर' आहे, आणि 'द ग्लो, पार्ट २'मध्ये 'यूल बी इन द एअर'. भूतकाळाचा भविष्यकाळ झाला. 'माय वॉर्म ब्लड'च्या शेवटचे ठोके आणि भोंगा जिथे विरतात तिथूनच 'माउंट ईरी'चं पहिलं, सतरा मिनिटांचं गाणं 'द सन' सुरू होतं. म्हणून मी २०००, २००१, २००३ हे तीन अल्बम याच क्रमाने, तीन वेगळ्या संध्याकाळी ऐकायला सांगेन. सलग नको, कान थकतात.

प्रत्येकात कशाकडे लक्ष द्यायचं? 'इट वॉज हॉट'च्या पहिल्या गाण्यात, 'द पुल'मध्ये, गिटार एका कानातून दुसऱ्या कानात ये-जा करते. एवढं एक गाणं इअरफोनवर ऐकलं की या माणसाचं निम्मं व्याकरण कळतं. 'माउंट ईरी' पाच भागांचं, जवळजवळ नाटकासारखं आहे. त्यात एल्व्हरमखेरीज इतर गायक पात्रांसारखे येतात. विश्वाचा आवाज कॅल्व्हिन जॉन्सन यांचा. 'द सन'मध्ये पहिली कितीतरी मिनिटं ढोलच ढोल आहेत, शब्द बऱ्याच उशिरा येतात. तिथे पुढे ढकलायचं नाही. ते ढोल आवडले तर फक्त ढोलांचीच वेगळी तबकडीही निघालेली आहे.

त्यानंतर 'साँग आयलंड्स' (२००२) घ्या. सुट्या तबकड्यांवर विखुरलेली गाणी एका जागी आहेत, त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी ऐकायला हरकत नाही. हा एकच संग्रह मी शफलवर चालवून घेईन. 'लाइव्ह इन जपान' हा फेब्रुवारी २००३ च्या मैफलींचा, २००४ मध्ये निघाला. जुन्या गाण्यांची उजळणी म्हणून त्याकडे जाऊ नका, त्यात बहुतेक वेगळीच गाणी आहेत.

'माउंट ईरी' या पाटीखालचं काम अफाट आहे, म्हणून दारं सांगते. गोंगाट आवडत असेल तर 'विंड्स पोएम' (२००९), त्यात ब्लॅक मेटल या कर्कश, गोंगाटी मेटल संगीताचा थेट प्रभाव आहे. खोलीची घुमार आवडत असेल तर २०१२ चे 'क्लिअर मून' आणि 'ओशन रोअर', हे अॅनाकॉर्टेसमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत मुद्रित झालेले जुळे अल्बम. 'अ क्रो लुक्ड ॲट मी' (२०१७) मात्र पार्श्वसंगीत म्हणून लावू नये. पत्नी जेनेव्हिएव्ह कास्त्रे यांच्या मृत्यूनंतर, त्यांच्याच खोलीत, बहुतांशी त्यांच्याच वाद्यांवर ते मुद्रित झालं. शब्द समजत नसतील तर आधी वाचून घ्या. तिथे संगीत जाणूनबुजून बाजूला उभं राहतं. ताजा मोठा अल्बम 'नाइट पॅलेस', नोव्हेंबर २०२४.

टाचणी

वरच्या यादीत एक भर. 'मायक्रोफोन्स इन २०२०' हे एकच गाणं आहे, लांबी ४४ मिनिटं ४४ सेकंदं. सुरुवातीला सात मिनिटांहून जास्त वेळ दोनच कॉर्ड वाजत राहतात. दोन्ही कानांत वेगवेगळ्या गिटारी आहेत, त्या एकमेकींपासून किंचित सरकतात आणि पुन्हा जुळतात. आपल्या कानाला यात अवघड काही नसावं. तानपुरा जुळल्यावर षड्जात जे बारीक हलणं ऐकू येतं, तिथेच कान ठेवायचा. हे मात्र शेवटी ऐका, कारण शब्द मागच्या सगळ्या कामाकडे वळून बघतात. आधीचं ऐकलेलं नसेल तर निम्मे धागे सुटतात.

एलपी घेणाऱ्यांसाठी: चांगल्या पातळीवर एका बाजूला साधारण २२ मिनिटंच बसतात. त्यामुळे हे गाणं एलपीवर मध्येच तुटणार आणि ६६ मिनिटांचा 'द ग्लो, पार्ट २' दोन तबकड्यांवरच येणार. या एका कामासाठी फाईलच बरी.

कोरी_कॅसेट

खर्जातला_भोंगा, चाचणी करून बघितली. कमी आवाजात खरबरीतपणा तसाच राहिला, थरथर गेली. नॉर्मलायझेशन चालूच होतं, बंद केलं. अनुक्रमणीताई, टाचणी, दोघांचेही आभार.

फाईल कुठून आणि कुठली घ्यावी? आणि चार ट्रॅकच्या रेकॉर्डरबद्दल कोणी सांगेल का? यंत्र टॅस्कॅमचं आहे, बरीच वर्षं न वापरलेलं, लॅपटॉपही आहे. डाव्या-उजव्या गिटारी लॅपटॉपवर एकच मुद्रण कॉपी करून, जरा सरकवून करता येतात का?

चौपदरी

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. कॉपी डावीकडे आणि मूळ उजवीकडे ठेवलं तर ते दोन्ही मिळून मधोमधच ऐकू येतं, कारण दोन्ही बाजूंना तीच लाट आहे. कॉपी सरकवली तर इअरफोनवर रुंदी वाटते, पण कुठेही दोन्ही बाजू मिसळल्या की खड्डे पडतात. एक मिलिसेकंद सरकवलं तर पहिला खड्डा ५०० हर्ट्झवर, मग १५००, २५०० असे. गिटार पत्र्याच्या नळीतून वाजल्यासारखी होते. खऱ्या दोन वादनांत सरकणं सतत बदलतं, म्हणून खड्डा एका जागी टिकत नाही आणि कानाला तो जिवंतपणा वाटतो. दोनदा वाजवायचं. त्याला पर्याय नाही.

यंत्राची तयारी. कॅसेट घालण्याआधी हेड आणि लोखंडी फिरता दांडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा. काडी काळी येणं थांबेपर्यंत पुसायचं. रबरी चाकाला अल्कोहोल सारखं लावलं तर रबर कडक होतं; ते ओलसर कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. इतकी वर्षं पडून असलेल्या यंत्राचा पट्टा बहुधा सैल झालेला असतो. ओळख सोपी आहे: पेटीचा एक सूर मिनिटभर धरून मुद्रित करा आणि ऐका. सूर लाटेसारखा डोलला तर पट्टा बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टॅस्कॅमची अशी यंत्रं बहुधा टाइप २, म्हणजे क्रोम जातीच्या टेपसाठी जुळवलेली असतात. साधी टाइप १ घातली तरी वाजेल, पण वरचे सूर आणि फाटण्याची जागा बदलेल. टाइप २ आता नवी सहज मिळत नाही. न उघडलेली जुनी शोधावी लागते. सी-६० (साठ मिनिटांची) घ्या, सी-१२० नको, ती पातळ असते, ताणली जाते. चारही ट्रॅक एकाच दिशेने लिहिले जात असल्याने कॅसेटची दुसरी बाजू मिळत नाही. तुमचं यंत्र दुप्पट वेगाचं, म्हणजे सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटरचं असेल तर सी-६० वर फक्त १५ मिनिटं बसतात.

मग मुद्रण. वेगाचा खटका मधोमध ठेवा आणि शेवटपर्यंत हलवू नका, नाहीतर पेटी किंवा कीबोर्ड पुढे सुरात बसणार नाही. गिटारला साधा डायनॅमिक माइक, बाराव्या पडद्याकडे रोखून, २० ते ३० सेंटीमीटरवर. भोकासमोर ठेवलात तर खर्ज गुरगुरतो. ट्रॅक १ वर पहिली गिटार, २ वर तीच पुन्हा, ३ वर ढोल किंवा खर्ज. आता तिन्ही मिसळून ४ वर उतरवायचे. त्याच वेळी चौथी गोष्ट प्रत्यक्ष वाजवून तिथेच घालता येते. पुढे दोन मिसळून ३ वर, मग एक २ वर, असं करत चार ट्रॅकवर दहा भाग बसवता येतात. गणित बरोबर आहे, पण ऐकायला चांगलं नाही. प्रत्येक उतरवणीत टेपची सळसळ वाढते आणि वरचे सूर झिजतात. एकच उतरवणी करा. मंद, जाड गोष्टी आधी उतरवा, झळकणाऱ्या गोष्टी, म्हणजे गळा, घंटा, झांजा, शेवटी ताज्या ट्रॅकवर.

एक सापळा: १, २, ३ एका ट्रॅकवर मिसळले की त्यातली डावी-उजवी गिटार गेली. रुंदी हवी असेल तर उतरवायच्या गोष्टी वेगळ्या ठेवा आणि दोन गिटारींना शेवटपर्यंत स्वतंत्र ट्रॅक द्या. शेजारच्या ट्रॅकवर उतरवताना वरचे सूर वाढवलेले असतील तर शिट्टी वाजू शकते. तेव्हा ट्रेबल मधोमध आणा.

फाटणं कुठे आणायचं हे आधी ठरवा. ढोल आणि विजेरी गिटार काट्यावर +३ ते +६ पर्यंत जाऊ द्या, गळा शून्याच्या आसपास. यंत्रात डीबीएक्स (टेपची सळसळ दाबणारं तंत्र) असेल तर जोरात लिहिताना ते बंद ठेवा. त्याचं माप चुकलं की चूक दुप्पट होते आणि सळसळ प्रत्येक ठोक्यामागे श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. जे चालू करून लिहिलं ते चालू ठेवूनच ऐकायचं, हेही विसरू नका.

आणि सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे हळू भाग टेपवर हळूच लिहिणं. मग तो सळसळीत बुडतो आणि वर काढता काढता सळसळही वर येते. टेपवर सगळंच भरघोस लिहा, हळू-मोठं मिसळताना ठरवा. ज्या ट्रॅकवर त्या क्षणी काही नाही त्याची खुंटी पूर्ण खाली. कोसळणारा भाग हवा असेल तर आवाज वाढवू नका, भाग वाढवा: एक गिटार, मग दोन, मग सहा आणि ढोल. ऐकणाऱ्याला ढकलल्यासारखं वाटतं ते या संख्येमुळे.

खर्जातला_भोंगा

चौपदरींच्या लिहिण्याशी सहमत, फक्त लॅपटॉपबद्दल जोडतो. कॅसेटमधून चारही ट्रॅक लॅपटॉपवर घेताना सर्वोच्च माथा −६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. टेपचं फाटणं हवं आहे, त्यावर डिजिटलचं नको. शेवटी लिमिटर (माथे अडवून बाकीचं वर उचलणारं साधन) लावून सगळं मोठं करण्याचा मोह टाळा, नाहीतर कोसळण्याआधीची शांतताही मोठी होते आणि मग कोसळायला जागा उरत नाही. माथा −१ डीबीवर ठेवून सोडून द्या.

लॅपटॉपवरच्या प्लगइनमधून (जोड-सॉफ्टवेअरमधून) टेपची सळसळ वरून शिंपडू नका. खरी सळसळ ट्रॅक उघडला की येते, बंद केला की जाते, वाद्यांबरोबर दाट-विरळ होते. शिंपडलेली एकसारखी राहते आणि पाच मिनिटांत कान ती बाजूला टाकतो. 'अ क्रो लुक्ड ॲट मी' तर लॅपटॉप आणि एका माइकवर झालेला अल्बम आहे आणि त्यात जुनेपणाचा मुलामा चढवायचा प्रयत्नही नाही. टेप हाताशी असेल तर टेपचा गुण वापरा, नसेल तर खोलीचा.

अनुक्रमणी

फाईलचं उत्तर राहिलं. एल्व्हरमच्या स्वतःच्या लेबलचं, पी. डब्ल्यू. एल्व्हरम अँड सनचं, बँडकॅम्पवर, म्हणजे संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर, पान आहे. तिथून फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारी फाईल) उतरवून घ्या, एमपी३ नको. एमपी३ च्या एका चौकटीत ध्वनीचे ११५२ नमुने असतात, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंद, आणि एन्कोडर सुरुवातीला-शेवटी भर घालतो. जिथे एक गाणं दुसऱ्यात वाहत जातं तिथे काही प्लेअरवर उचकी लागल्यासारखा खंड पडतो.

'द ग्लो, पार्ट २'ची २००८ ची जादा डिस्क असलेली आवृत्ती दिसली तर ती जरूर ऐका, पण वेगळी. त्यात इतर गाणी आणि मोडतोड केलेली रूपं आहेत. वीस गाण्यांचा मूळ अल्बम भोंग्यावर संपतो. प्लेअर तिथून थेट दुसऱ्या डिस्कवर गेला तर तो शेवटच पुसला जातो. फाईली दोन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. एलपी हवीच असेल तर एल्व्हरमने २०१३ मध्ये स्वतःच्या लेबलवर मायक्रोफोन्सचे अल्बम पुन्हा काढले, ती छपाई बघा. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. एकेकटी तबकडी मागवण्यापेक्षा दोघातिघांनी मिळून एकच खोकं मागवलेलं परवडतं.

कोरी_कॅसेट

फ्लॅक घेतली, दोन फोल्डर केले. पट्ट्याची चाचणी केली, सूर डोलतोय. आता पट्टा मोजायचा कसा?

चौपदरी

जुना पट्टा काढून दुमडून सपाट धरा, दुमडलेली लांबी मोजा, दुप्पट करा, तो घेर. जुना पट्टा ताणलेला असतो, म्हणून त्यापेक्षा सुमारे पाच टक्के कमी घेराचा नवा घ्या. जाडी आणि रुंदी कॅलिपरने मोजा, चौकोनी आहे की चपटा ते बघा. रबर विरघळून डांबरासारखं झालं असेल तर मोजण्यात वेळ घालवू नका, दोरा चाकांवरून फिरवून घेर काढा आणि त्यातून पाच टक्के वजा करा. ते डांबर चाकांवरून अल्कोहोलने पूर्ण काढल्याशिवाय नवा पट्टा चढवू नका, नाहीतर तोही घसरेल.